‘शिडी’ची दुसरी बाजू

“आई, बाबांच्या आधी तुझं कोणावर प्रेम होतं?”

हा प्रश्न माझा नव्हता. मधल्या सुट्टीत खोडरबर आणि वकील या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. प्रत्येकीने आपापल्या आईला हा प्रश्न विचारायचा, तोही बाबा घरात असताना, आणि उत्तर जसंच्या तसं वहीत लिहून आणायचं. खोडरबर बोललेलं प्रत्येक वाक्य खोडून परत बोलते, म्हणून ती खोडरबर. वकिलाला वकील का म्हणतात ते तिच्याशी दोन मिनिटं बोललात की कळेल. गेल्या वर्षी मी असला प्रश्न स्वप्नातसुद्धा विचारला नसता. पण यंदा मी वक्तृत्वात तिसरी आले आणि तेव्हापासून माझ्या जिभेचं कुलूप कुठे हरवलं ते हरवलंच.

आई नुकतीच कामावरून आली होती आणि निळा कोट खुंटीला लावत होती. मी तिच्यासमोर उभी. तिने क्षणभरही विचार केला नाही.

“होतं की. पाच जणांवर.”

“पाच?”

“एकदम पाच. एक बासरीवाला, एक ऑर्गनवाला, एक ड्रमवाला, एक जाड आवाजाची गिटार वाजवायचा आणि एक गायचा. गाणारा मला जरा कमी आवडायचा. फार मध्येमध्ये करायचा.”

बाबा नकाशे काढतात, ऑफिसात आणि घरीही. खिडकीजवळच्या टेबलावरून मान वर न करता ते काहीतरी म्हणाले.

“काय म्हणालात?” आईने विचारलं.

“म्हटलं, मी सहावा.”

“तोंडातल्या तोंडात बोलू नका हो. किती वर्षं सांगतेय.”

हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण. बाबा पुटपुटतात, आई ओरडते. मला वाटायचं, लग्न म्हणजे हेच असतं.

तर ते पाच जण म्हणजे एक बँड होता. आई माझ्याएवढी असताना मामाने मित्राकडच्या रेकॉर्ड्सवरून चार कॅसेट भरून आणल्या होत्या. मामाचं अक्षर इतकं वाईट होतं की तो नावं लिहायच्या भानगडीतच पडला नाही. एकीवर त्याने मासा काढला, एकीवर त्रिकोण, एकीवर घुबड आणि एकीवर शिडी. आईने तीन वर्षं त्या चार कॅसेट झिजवल्या. मग टेपरेकॉर्डर बिघडला, मग नोकरी, मग बाबा, मग मी. बँडचं नाव तिला त्या वेळीही माहीत नव्हतं आणि आताही नव्हतं.

“ज्यांच्यावर प्रेम केलंस त्यांचं नावही विचारलं नाहीस?”

“तुझ्या बाबांचं कुठे विचारलं होतं? लोकांनीच सांगितलं.”

मी हे सगळं वहीत लिहिलं. पैज मीच जिंकले, पण तेवढ्यावर थांबणं मला जमेना. मामाला फोन लावला. तो म्हणाला, “कुठला बँड? बरं ते राहू दे, तुझ्या बाबांनी त्या विम्याचं काय ठरवलं?”

शेवटी मदत झाली ती शाळेत. आमच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस आहेत. काठीसारखे बारीक, त्यामुळे सगळी शाळा त्यांना परीक्षानळी म्हणते, आणि त्यांना ते माहीत आहे. खोडरबर म्हणाली होती की त्यांना जुन्या गाण्यांचं वेड आहे. निदान असावं. किंवा नसेलही. मी आईने गुणगुणलेली चाल त्यांच्यासमोर गुणगुणले. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

“परत म्हण.”

मी परत म्हटली.

“तुझ्या वयाच्या मुलीला हे कुठून मिळालं?”

“आईकडून.”

“आईला माझा नमस्कार सांग,” ते म्हणाले आणि त्यांनी मला एका कागदावर अकरा अल्बमची यादी लिहून दिली. आईच्या बाकीच्या चाली गुणगुणल्यावर त्यांतले ‘मासा’, ‘त्रिकोण’, ‘घुबड’ आणि ‘शिडी’ कुठले, तेही त्यांनी खूण करून दाखवलं. बँडचं खरं नाव इतकं लांबलचक निघालं की आम्ही आपले ‘पाच जण’ म्हणत राहिलो. “पहिले सहा ऐक,” त्यांनी बजावलं. “नंतरच्या पाचांच्या वाटेला जाऊ नकोस. माणसं तीच आहेत, पण तोपर्यंत त्यांना आपण थोर आहोत हे कळलं होतं.”

त्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हेही त्यांनीच सांगितलं. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. सुरू होऊन चार मिनिटं झाली तरी गाणाऱ्याचा पत्ता नसतो. मध्येच ताल बदलतो, मध्येच बासरी येते, मध्येच सगळे गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं मोबाइल बंद पडला. माझं पहिल्या दिवशी डोकं दुखलं आणि तिसऱ्या दिवशी मला दुसरं काही ऐकवेना.

माझी योजना सोपी होती. आई साडेपाचला येते, सव्वासहाला स्वयंपाकाला लागते. चहाची पाच सोडली तर मधली चाळीस मिनिटं म्हणजे बरोबर एक अल्बम. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत अकरा संध्याकाळी होत्या. अकरा अल्बम, अकरा दिवस. शनिवारच का, तेही सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडून होतं.

आई बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर आहे. एकोणीस वर्षं. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून पट्ट्यावर काचेच्या बाटल्या धावत जातात आणि बुडबुड्याची, वाकड्या तोंडाची, तडा गेलेली बाटली तिने उचलून बाजूला टाकायची. हे डोळ्यांचं काम आहे, पण आईचं नाव झालं ते कानांमुळे. बाटल्या एकमेकींवर आपटत जातात तेव्हा चांगली बाटली खणखणते आणि तडकलेली बद्द वाजते. त्या सगळ्या गदारोळात आईला ती एक बद्द वाजणारी बाटली समोर येण्याआधी कळायची. कारखान्यात तिला ‘कानवाली’ म्हणतात. कारखाना सगळ्यांना कानात घालायला बोळे देतो. आईने ते कधीच घातले नाहीत. बोळे घातल्यावर बाटली ऐकू कशी येणार?

आणि दर वर्षी एकदा कानांची तपासणी होते. यंदाची त्या शनिवारी होती. त्यात पास झाली तर आई लाइन-प्रमुख होणार होती, म्हणजे काचेच्या बंद केबिनमध्ये खुर्ची, जिथे पट्ट्याचा आवाज पोचतसुद्धा नाही. नापास झाली तर तळघरातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या खात्यात. तिकडे गेलेली बाई परत वर आल्याचं कोणाला आठवत नाही.

“पास तर मी होणारच,” आई म्हणायची. “एकोणीस वर्षांत एकदाही नापास झाले नाही. शनिवारी पास, संध्याकाळी तुझा अकरावा अल्बम. कर यादी.”

मी वकिलाला बसवून यादी केली. वकिलाचं म्हणणं, क्रम सालानुसारच हवा, नाहीतर त्याला अर्थ नाही. खोडरबरचं म्हणणं, आईचे चार आधी. नाही, शेवटी. नाही, आधीच. मी सालानुसार लावला आणि पहिल्याच दिवशी आईने यादी उडवून लावली.

“मला ‘शिडी’ लाव.”

“तो चौथा आहे. आज पहिला.”

“पहिला तुझ्या वकिलाला लाव. मला ‘शिडी’. दुसऱ्या बाजूचं ते मोठं गाणं.”

लावलं. तेवीस मिनिटांचं गाणं आहे ते. आई खुर्चीत डोळे मिटून बसली. दोन मिनिटं झाली, तीन झाली. तिने डोळे उघडले.

“आवाज वाढव.”

वाढवला. शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली, इतका वाढवला.

“हे ते नाही,” आई म्हणाली. “त्यात मागे कुणीतरी चमचा ग्लासवर वाजवतंय असा आवाज यायचा. टिंग, टिंग. अख्खं गाणं त्याच्यावर चालायचं. यांनी तो काढून टाकलाय. बंद कर.”

मी वाचलं तर खरंच, जुन्या रेकॉर्ड्स नव्याने साफ करून परत काढतात म्हणे, आणि त्यात आवाज वरखाली करतात. मला वाटलं, असेल. दुसऱ्या दिवशी जुनी आवृत्ती शोधली. “हे ते नाही.” तिसऱ्या दिवशी त्याहून जुनी. “अगं, हेही नाही. हल्ली कुठली गोष्ट धड राहू देत नाहीत. काचसुद्धा तशीच. पूर्वी तडकलेली बाटली बरोबर बद्द वाजायची, आता चांगली आणि वाईट दोन्ही सारख्याच. वाळूच खराब येते.” चौथ्या दिवशी कार्यक्रमात वाजवलेलं. पाचव्या दिवशी आणखी कुठलं तरी. दर वेळी चार मिनिटं आणि बंद कर.

आठ संध्याकाळी गेल्या. माझ्या यादीतले दहा अल्बम जसेच्या तसे. मी खरंच वैतागले होते. एवढ्याशा चमच्यासाठी ही बाई ऑर्गन ऐकेना, बासरी ऐकेना, ‘मासा’ ऐकेना, ‘त्रिकोण’ ऐकेना. आणि मलाही त्या गाण्यात मागे एक बारीक टिणटिण ऐकू यायची, पण ती इतकी नाजूक की अख्खं गाणं तिच्यावर चालतं असं कोणी म्हणणार नाही. आईचा चमचा म्हणजे काहीतरी मोठं असणार, असं मी धरून चालले होते. मी ते गाणं रोज झोपायच्या आधी एकटी शेवटपर्यंत ऐकायचे. शेवटचा भाग तर मी आईसाठी राखून ठेवला होता. कारण आईच्या कॅसेटवर ते गाणं पूर्ण नव्हतंच. एकोणिसाव्या मिनिटाला टेप संपली होती आणि आईला वाटायचं की बँडनेच ते तसं तोडलंय.

“गाणारा अर्धा शब्द म्हणतो आणि खलास,” ती कौतुकाने सांगायची. “काय हिंमत आहे बघ. कोण करेल असं?”

अजून चार मिनिटं आहेत हे तिला सांगायचं मी जिभेवर कसं धरलं होतं ते माझं मला माहीत.

गुरुवारी मी शेवटचा उपाय केला. आईची ‘शिडी’ची कॅसेट माळ्यावर सापडली होती. परीक्षानळींनी स्वतःचा टेपरेकॉर्डर मला दिला, दोन हातांनी, बाळ द्यावं तसा. “डोकं साफ केलंय. म्हणजे याचं. आईला म्हणावं, मनासारखं ऐका.”

साडेपाचला आई आली. बाबाही लवकर आले होते. मी कॅसेट घातली, बटण दाबलं. टेपची खरखर सुरू झाली तशी आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेत वर्गाच्या फोटोला बसतात तसे. ऑर्गन आला. ड्रम आले. आणि मग, स्पष्ट, त्या सगळ्याच्या मागून: टिंग. टिंग. टिंग. टिंग.

तीच ती रोजची टिणटिण.

मी आईकडे बघितलं. ती वाट बघत होती.

“यातही नाही,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “टेप खराब झाली असणार. माळ्यावर गरम होतं ना.”

मी काही बोलले नाही. मी, जी वक्तृत्वात तिसरी आले. बाबांकडे बघितलं. बाबा नकाशावर एक रेघ काढत होते आणि ती रेघ कधीच संपली होती, तरी पेन्सिल चालली होती.

एकोणिसाव्या मिनिटाला गाणाऱ्याने अर्धा शब्द म्हटला आणि खटकन सगळं थांबलं. आई हसली. “बघ. असं संपतं.”

“नाही संपत.” मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. “पुढे अजून चार मिनिटं आहेत. टेप संपली होती, आई. गाणं नव्हतं संपलं.”

तिचा विश्वासच बसेना. मी तिच्या डोक्यावर माझे मोठे हेडफोन चढवले, मोबाइलवर एकोणिसावं मिनिट काढलं आणि आवाज पूर्ण वाढवला. गाणाऱ्याने शब्द पुरा केला तेव्हा आईच्या भुवया वर गेल्या. मग ड्रम आणि जाड गिटार दोघंच एक मिनिटभर वाजतात. आईचा पाय हलत होता, मान डोलत होती. मग तेही हळूहळू थांबतात आणि फक्त बासरी उरते. सगळ्यात वरच्या सुरात. तिच्याबरोबर तो चमचा. तीन मिनिटं, बाकी काही नाही. मला त्या जागी रोज अंगावर काटा येतो.

आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“संपलं ना? छान आहे. पण आधीचं जास्त बरं होतं.”

हेडफोनमधून बासरी बाहेर येत होती. खोलीत आम्हा दोघांना ऐकू येत होती, मला आणि बाबांना. आईने बाबांकडे बघितलं, आणि बाबा तोंड नीट उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, “हो. संपलं.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बाबा मागून आले.

“किती दिवस माहीत आहे तुम्हाला?”

“तीन वर्षं. जास्तच असतील.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. ती म्हणाली, तोंडातल्या तोंडात बोलू नका.”

मला हसू आलं आणि त्याचाच मला राग आला. “मग मोठ्याने सांगायचं ना, बाबा. खोटं कशाला बोललात आत्ता?”

“ती खूश होती,” बाबा म्हणाले. खरं तर पुटपुटले. ते खरोखरच पुटपुटतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोघांचीही चूक होती. म्हणूनच हे एवढी वर्षं चाललं.

शुक्रवारी मी आईला विचारलंच. ती भाजी चिरत होती. मी तिच्या समोर स्टुलावर बसले.

“आई, त्या तपासणीत तू पास कशी होतेस?”

“म्हणजे?”

“तुला चमचा ऐकू येत नाही. कालच्या टेपमध्ये होता. सगळ्यांत होता. बासरीही येत नाही. मी बघितलंय.”

सुरी थांबली. मला वाटलं आता फटका बसणार. पण आई परत चिरायला लागली.

“तपासणीवाला काचेच्या पलीकडे बसतो,” ती म्हणाली. “बटण दाबताना त्याचा खांदा हलतो. इतकासा. खांदा हलला की बोट वर करायचं. मला माझ्या वरच्या बाईने शिकवलं, मी माझ्या खालच्या पोरींना शिकवलं. आमच्या लाइनवर कोणी नापास होत नाही.”

“कोणालाच ऐकू येत नाही?”

“कोणाला किती येतं, ते कोण विचारतं?”

“तुला कधी कळलं?”

“कळायला काय, आवाज जाताना सांगून जातो का?” ती म्हणाली. “मला वाटलं वाळू खराब येतेय.” मग चिरलेली भाजी बाजूला सारून, “तुला उद्या कोणाला सांगायचंय का हे?”

हाच प्रश्न मला रात्रभर पुरला. सांगितलं तर तळघर, खोकी. नाही सांगितलं तर केबिन, आणि निदान उरलेले कान तरी वाचतील. वकिलाकडे याचं उत्तर नसतं, मी विचारून बघितलं असतं तरी. सकाळी आई निघाली तेव्हा मी दारात म्हटलं, “डोळे मिटून बस ना, आई. एकदाच.”

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. तिला शब्दन् शब्द कळला होता.

“केबिनमध्ये बसले की मिटेन,” ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी ती बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन आली. पास. लाइन-प्रमुख. दुसरा निळा कोट मिळाला होता, खिशावर पांढरी पट्टी असलेला. तो तिने आल्याआल्या घातला आणि आरशासमोर उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. पट्टी सरळ आहे का ते बघत होती. खरं सांगायचं तर तिला तो कोट फार शोभत होता. एकोणीस वर्षं उभी राहिलेली बाई होती ती, आणि सोमवारपासून बसणार होती.

मी तिच्या मागे, चार पावलांवर उभी होते. रोजच्या आवाजात म्हटलं, “आई, मी शाळा सोडून बोटीवर खलाशी व्हायला चाललेय.”

बाबांच्या हातातला कप बशीवर आपटला. आईने पट्टी अंगठ्याने दाबून सपाट केली.

“मी निघाले, आई. बोट उभी आहे.”

काही नाही. ती स्वतःशीच जरा हसली, आरशात.

मला एवढा संताप आला, की कोणावर ते सांगता येईना. आईवर, बाबांवर, खांदा हलवणाऱ्या त्या माणसावर, बोळे वाटून मोकळं होणाऱ्या कारखान्यावर. आणि माझ्यावर, कारण नऊ दिवस मी गाण्यांच्या आवृत्त्या बदलत बसले होते. मी मोबाइलमधली यादी उघडली, ‘शिडी’ खोडली, बासरीचे सगळे अल्बम खोडले. ‘मासा’ ठेवला, कारण त्यात जाड गिटार पहिल्या मिनिटापासून आहे. ‘त्रिकोण’ ठेवला, त्यात ड्रम आहेत. परीक्षानळींनी नको म्हटलेल्या पाचांपैकी दोन घेतले, त्यांत बासरीवाला जवळजवळ नाहीच. त्यांना काय वाटायचं ते वाटो.

मग मी आईला खांद्याला धरून आरशापासून वळवलं, खुर्चीत बसवलं, बाबांना तिच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, दिवा लावला म्हणजे माझं तोंड उजेडात येईल, आणि दोघांच्या समोर उभी राहिले.

“मी ठरवलंय,” मी म्हटलं. घाई केली नाही. प्रत्येक शब्द सुटा. “रोज चाळीस मिनिटं आता माझ्या यादीप्रमाणे. आणि मंगळवारी मी शाळेत जाणार नाही. कानांच्या डॉक्टरांची वेळ मी आज तू गेल्यावर घेतलीय, दुपारी चारची. कारखान्यात नुसती अर्ध्या दिवसाची रजा टाक, कशासाठी ते कारखान्याला कळणार नाही, कारखान्याचा काही संबंध नाही. मी फोनवर विचारून घेतलंय, त्यांच्या तपासणीच्या खोलीला काच नाही. बाबा, तुम्हीही येताय. आणि आई, तू आत एकटी बसणार आहेस.”

आई माझ्या ओठांकडे बघत होती. मी ते सगळं परत एकदा, तितक्याच हळू म्हटलं.